न्हाव्याची कादंबरी आणि माझा चिंचोका

२ नोव्हेंबर, रविवार

पुन्हा तीच अमेरिकन कादंबरी! वाचक मंडळात आज दुसरा विषयच नाही. "जगातल्या मोठ्या कादंबऱ्यांत धरतात, शैलजाताई. मराठीतही छान उतरलीय" — इति हिमानी. कॉलेजात नवीन लागलेली, मेहकरात येऊन दिवाळीसुद्धा एकच पाहिली, आणि मोठं काय ते आम्हाला सांगते! गाव धरणाखाली जाणार, एक म्हातारा न्हावी दुकान सोडत नाही. एवढीच गोष्ट. धरणं काय आपल्याकडं नाहीत?

सोळा तारखेला चिंचोके. मंडळाची रीतच ती — पुस्तकावर बोलणं झालं की प्रत्येकानं एक चिंचोका टाकायचा, 'ठेवा'च्या गडूत नाहीतर 'परत'च्या. 'ठेवा' भरला की ते पुस्तक वाचनालयाच्या दारातल्या काचेच्या कपाटात. तिथं जागा एकाच पुस्तकाची, आणि तिथं माझा कथासंग्रह आहे. बरीच वर्षं आहे. आजवर एकाही पुस्तकाला त्याला हलवता आलं नाही. लोकांना आवडतो म्हणून!

५ नोव्हेंबर

ऐंशी पानं वाचली. न्हावी वस्तऱ्याला धार लावतो. मग पुन्हा धार लावतो. आपटलं पुस्तक जेवणाच्या टेबलावर.

६ नोव्हेंबर

आज आक्रीतच झालं. पुस्तक नीळकंठच्या हातात! (तोंडावर 'अहो' म्हणते, इथं कोण ऐकतंय.) एसटीतून रिटायर झालेला हा माझा नवरा. पेपरातल्या निधनवार्तांपलीकडं कधी काही वाचलं नाही. माझा कथासंग्रह त्यालाच अर्पण केलाय. त्यानं त्यात गॅसची पावती ठेवली, ती अजून पहिल्याच पानात आहे. आणि आज त्या न्हाव्याच्या खेचराचं वाचून पोट धरून हसत होता!

"लय भारी हाय वं हे," मला म्हणाला. मला!

९ नोव्हेंबर

बाजारात हिमानी भेटली. नीळकंठ पिशव्या हातात धरून न्हाव्याबद्दल बोलतच राहिला. मेथी पार सुकून गेली. "सर, तुम्ही पण या ना मंडळात!" सर म्हणे! एवढा संसार झाला, माझ्यापुढं या माणसानं भाजीत मीठ कमी आहे यापलीकडं कधी मत दिलं नाही. तिथं मात्र तोंडाला कुलूप नाही.

जळते का मी? हो, जळते! तिच्यावर नाही, त्या मेलेल्या अमेरिकन लेखकावर. बरं, तिच्यावर पण.

१४ नोव्हेंबर

शेवटाकडची पानं चाळली. न्हावी धरणाच्या पाण्यात उतरतो. म्हणजे बुडवला त्याला! वाचकाला रडवायची किती सोपी युक्ती. परवा हेच बोलणार. अशी चिरफाड करते की बस्स!

१६ नोव्हेंबर, रविवार

बोलले. छान बोलले. "नाव मोठं म्हणून पुस्तक मोठं होत नाही. शेवटी म्हाताऱ्याला बुडवून मारलं की कोणीही रडेल!"

हिमानी खाली बघायला लागली. आणि मागच्या खुर्चीवरून माझाच नवरा —

"अवं, तो कुठी मरते? खेचर मरते. त्यालेच काढाले उतरते तो पाण्यात. न्हावी तं नव्या गावात दुकान टाकते!"

काय हसले लोक! जानराव गुरुजींचा चहा धोतरावर सांडला.

'ठेवा'चा गडू भरला. 'परत'मध्ये माझा एकटीचा चिंचोका. काचेतून माझं पुस्तक निघालं. नीळकंठनं पिशवीत घालून घरी आणलं.

१७ नोव्हेंबर

अबोला. "काऊन चिडून राह्यली?" — काऊन म्हणे!

२० नोव्हेंबर

नीळकंठ डोणगावला गेला होता. हिमानीकडून कादंबरी मागून आणली — "एक संदर्भ बघायचाय" म्हटलं. राहिलेली सगळी वाचली. खेचर जातं तिथं पदर ओला झाला.

चांगलं आहे मेलं! कोणाला सांगणार नाही.

२३ नोव्हेंबर

घरातला माझा कथासंग्रह नीळकंठच्या मांडीवर. गॅसची पावती शेवटच्या पानात!

"त्या न्हाव्याइतकं नाही जमलं तुले," म्हणाला. अंगाचा तिळपापड झाला. उठून जाणार, तर त्यानं चष्मा काढून डोळे पुसले.

"पन हरेक गोष्टीत ती बाई एकटी बसून राह्यते... ती तूच होय न? मले कधी सांगतलं काऊन नाही वं?"

छापून तर सांगितलं होतं!