ठकीचा हिरवा

ता. ९, सोमवार

चि. बाबू यास,

आशीर्वाद. रागात दिलाय, तरी लागेल. सूनबाईचा खोकला थांबला का? माझे गुडघे ठीक. तुझ्या लेकीच्या, ठकीच्या या खोलीला एकच खिडकी, पण ऊन छान येतं. शेजारीण माझ्याहून बोलघेवडी निघाली, म्हणजे बघ!

तर आज ठकीचा हिरवा जमला! तिने मला प्रयोगशाळेत नेलं होतं. बाटलीत नुसतं पाण्यासारखं काहीतरी. तिने जांभळा दिवा धरला आणि अख्खी बाटली पोपटी उजळली. मी तर टाळ्याच वाजवल्या. आत डोळ्यांना न दिसणारे कण असतात म्हणे. गंमत ऐक, माल एकच. कण बारीक असला की निळा उजेड देतो, जरा वाढला की हिरवा, आणखी वाढला की लाल. वरून रंग घालायचाच नाही.

मी म्हटलं, "तुझा बाप असाच, नुसता आकाराने वाढला."

"आजी, हे त्यांना लिहू नकोस हं."

लिहिलं.

भांडं तापत असतं तोवर कण वाढतच राहतात. हवा तो रंग आला की तत्क्षणी गार करायचं. आणि तू मागे नेमका तेव्हाच दार ढकलून घुसलास. "पुरे झाले हे धंदे, चल घरी," म्हणत तिचं मनगट धरलंस. मी दारात तुझी पिशवी घेऊन उभी होते. पोरगी कळवळून सांगत होती, "बाबा, सोडा, हिरवा जाईल!" तुला वाटलं, नाटकं करतेय. गेला हिरवा. दिव्याखाली सगळं लालभडक.

वर घरी येऊन सांगत सुटलास, "तिला जमत नाही, प्रयोगशाळेच्या बाई हाकलणार तिला." हाकलणारच होत्या. कारण या वेडीने तुझं नाव घेतलं नाही. "माझंच लक्ष नव्हतं," म्हणाली.

तू लोकांना सांगतोस, आई हवापालटाला गेलीय. कसला हवापालट! मी आल्या आल्या तिच्या मोठ्या बाईंना गाठलं. म्हटलं, "लक्ष तिचं होतं. हात माझ्या मुलाने धरून ठेवला होता."

बाईंनी चष्मा काढला. "आजी, सख्ख्या मुलाची तक्रार करताय?"

"मग काय शेजाऱ्याच्या मुलाची करू? वाढवलाय मी त्याला."

त्यांनी तिला पुन्हा एकदा करून बघू दिलं, आणि आज जमलं. ठकी इथेच राहणार. हाकलायची भाषा संपली.

आईवाचून घर अडतं, असं लिहिलंयस. अडू दे. तुझा चहा तू करायला शीक, पातेलं कुठे आहे ते सूनबाई दाखवेल. गुरुवारी माझी ट्रंक न्यायला माणूस येईल, मुकाट्याने दे. मी परत येणार नाही. हे पहिल्याच ओळीत लिहायला हवं होतं, पण हात धजला नाही.

तुझीच, आता त्याला तुझाही इलाज नाही नि माझाही,
आई