मागचा ब्रेक

बिश्केक, १२ मार्च १९९५

ती. वहिनींस,
कुबानचा सलाम, वि. वि.

अपांच्या गुडघ्यांसाठी मलम पाठवतो आहे. दिवसातून दोनदा लावायचं, आणि लावल्यावर चुलीपाशी बसायचं नाही. त्या ऐकणार नाहीत हे मला ठाऊक आहे, तरी धाकट्या मुलाचं नाव सांगून बघा.

दादाला जाऊन चार महिने झाले. चाळिसाव्या दिवसाच्या जेवणाला आलो तेव्हा आपलं धड बोलणं झालं नाही. तुम्ही पाहुण्यांचा चहा बघत होतात आणि मी नुसता दाराशी उभा. बोलायचं होतं ते मोटारसायकलीबद्दल. ती शेडमध्ये ताडपत्रीखाली उभी आहे आणि येता-जाता तुम्हाला दिसते, हे मला बरं वाटत नाही. कोचकोरचा एकजण ती साइडकारसकट न्यायला तयार आहे. स्वतः ट्रक घेऊन येईल. तुम्हाला बाहेर यावंसुद्धा लागणार नाही. केर-बेल खिंडीत बर्फ असतो हे सगळ्यांना माहीत आहे, दादालाही होतं. पण ज्या गाडीवरून माणूस गेला ती अंगणात ठेवू नये.

डेपोत काम खूप आहे. अर्ध्या ट्रॉलीबस सुट्या भागांवाचून उभ्या आहेत. तरी मी ठीक आहे.

डोक्यावर हात असू द्या.
तुमचा धाकटा,
कुबान

•

अक-झार, २ एप्रिल १९९५

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

मलम पोचलं. अपा ते लावून चुलीपाशीच बसतात. वर म्हणतात की हा ट्रॉलीबसचा डॉक्टर, याला गुडघ्यातलं काय कळतं.

गाडी विकायची नाही. चिडून लिहीत नाही, कारण सांगते. दवाखान्याची जीप गेल्या पानगळीपासून चार दगडांवर उभी आहे. चाकं कुणी नेली ते सगळ्या गावाला माहीत आहे आणि कुणालाच माहीत नाही. जिल्ह्याहून गाडी मागवली तर पेट्रोल नाही म्हणतात. दवाखाना म्हणजे आता मी आणि माझी पिशवी. फेब्रुवारीत खिंडीपलीकडून माणूस आला, बायको अडली आहे म्हणाला. मी घोड्यावरून निघाले. सात तास लागले. मूल जगलं, बाई गेली. मी दोन तास आधी पोचले असते तर वाचली असती. हे अंदाजानं सांगत नाही, माझं कामच आहे ते. मेमध्ये सगळे मेंढपाळ वरच्या कुरणात जातील, तेव्हा काय करू?

तुझ्या दादांनी मला शाळेमागच्या माळावर गाडी चालवायला शिकवली होती, अपांना न सांगता. पण उघडायला शिकवली नाही. ते तू शिकव. हँडल लोहारानं सरळ करून दिलं आहे, पुढचं चाक दुसरं बसवलं आहे. सादिर ट्रॅक्टरवाला म्हणाला की बाई मोटारीवर बसली तर गावातल्या मेंढ्या दूध द्यायच्या बंद होतील. मी म्हटलं की तुझं तोंड रोज बघून देतात, तर मला बघून काय आटणार.

तू नऊ वर्षांचा होतास तेव्हा मी या घरात आले. सासरच्या पुरुषांची नावं घ्यायची नाहीत म्हणून तुला धाकटा म्हणू लागले. आता सत्तावीस वर्षांचा घोडा झालास तरी माझ्यासाठी धाकटाच. म्हणून हक्कानं सांगते आहे.

लवकर लिही. अपांकडून पापा.
तुझी वहिनी,
अनारकुल

•

बिश्केक, २० एप्रिल १९९५

ती. वहिनींस,
कुबानचा सलाम, वि. वि.

तुमचं पत्र तीनदा वाचलं. त्या बाईचं वाचल्यावर विकण्याची गोष्ट पुन्हा काढणार नाही.

तर ऐका. आधी गाडी सुरू करू नका. हिवाळाभर टाकीत राहिलेलं पेट्रोल ओतून टाका आणि नवं भरा. या इंजिनाला वेगळं तेल नसतं, ते पेट्रोलमधूनच जातं. दहा लिटरला चारशे मिली, दवाखान्यातल्या मापानं मोजून. कमी पडलं तर इंजिन जाम होईल, जास्त झालं तर नुसता धूर. प्लग काढा. काळा पडला असेल तर तारेच्या ब्रशनं घासा. त्याच्या दोन टोकांमधली फट नखाच्या जाडीएवढी हवी.

चेन काढून रॉकेलमध्ये धुवा, मग पातळ केलेल्या ग्रीसमध्ये बुडवून ठेवा आणि निथळू द्या. हे घराबाहेर करा, नाहीतर अपा मला शाप देतील. परत घालताना जोडकडीचा जो चाप असतो त्याचं बंद तोंड चेन ज्या दिशेनं पळते त्या दिशेला हवं. चेन फार ताणू नका. मधोमध बोटानं उचलली तर दोन-अडीच सेंटिमीटर हलली पाहिजे. मागचं चाक एक-एक वीत फिरवत चार ठिकाणी बघा, कारण ती सगळीकडे सारखी नसते. क्लचच्या दांडीला टोकाशी थोडा सैलपणा ठेवा, करंगळी हलेल एवढा. कागदाचं नरसाळं करून क्लचच्या वायरीत तेलाचे थेंब सोडा. रात्रभरात खाली उतरतं.

आणि एक सवय लावून घ्या. निघण्याआधी गाडीभोवती एक फेरी मारायची. प्रत्येक नटावर नजर, चाकांवर हात. दादा चहाचा वाडगा हातात घेऊन फेरी मारायचा, आठवतं ना?

मागच्या ब्रेकला हात लावू नका. ते मी येऊन बघेन. तोवर केर-बेल चढू नका.

लोभ वाढता ठेवा.
तुमचा धाकटा,
कुबान

•

अक-झार, २१ मे १९९५

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

गाडी सुरू झाली. अठ्ठाविसाव्या लाथेला. अपा दारात येऊन मोजत होत्या. सुरू झाल्यावर त्या आत गेल्या आणि कणकेचे बोरसोक तळायला बसल्या. गेलेल्यांच्या नावानं तळायचा शुक्रवार नव्हता. तरी त्यांनी तुझ्या दादांच्या नावानं तळले, आणि मी बाहेर तेलाच्या हातांनी उभी राहून खाल्ले.

चेन मी आधी तंतुवाद्याच्या तारेसारखी ताणली. मग सैल करायला गेले ती एका बाजूनंच, त्यामुळे मागचं चाक तिरकं बसलं आणि गाडी कुत्र्यासारखी वाकडी धावू लागली. सादिरनं शाळेपासून नदीपर्यंत पाहिलं आणि विचारलं की वहिनी, तुम्ही नक्की कुठल्या दिशेला चाललात. मग दोन्हीकडचे नट सारखे मोजून आवळले. आता सरळ जाते. खालच्या वस्तीवरची लसीकरणं एका दिवसात झाली. घोड्याला आठवडा लागायचा.

आता एक विचारते. मागच्या ब्रेकचं पेडल दाबलं की पायाखाली काहीच लागत नाही, पाय सरळ खाली जातो. मी पुढच्या ब्रेकवर आणि गिअरवर भागवते, पण फक्त सपाटीवर. मेंढपाळ वर गेले आहेत. खिंडीवाचून माझं चालणार नाही. तू प्लगवर अर्धं पान लिहितोस, चेनवर अर्धं, आणि ब्रेकवर एक ओळ, ती पण हात लावू नका. येतो म्हणालास, त्याला महिना झाला. काय आहे ते सरळ लिही. मी रडणाऱ्यांतली नाही, हे तू चाळिसाव्याला पाहिलंस.

जपून राहा.
तुझी वहिनी,
अनारकुल

•

बिश्केक, ८ जून १९९५

ती. वहिनींस,
सलाम.

सरळ लिहितो.

पेडलपासून मागच्या चाकापर्यंत एक लोखंडी दांडी जाते. तिचं पुढचं टोक पेडलच्या कानात एका खुंटीनं अडकवलेलं असतं. खुंटी निसटू नये म्हणून तिच्या भोकातून दुहेरी तारेची पिन घालून टोकं मागे वळवतात. ऑक्टोबरात मी बटाटे काढायला आलो होतो तेव्हा ती दांडी साफ करायला सोडवली. जुनी पिन माझ्या हातात तुटली. दुसरी नव्हती. म्हणून कुंपणाची बारीक तार ओवून पिळली. शहरात गेल्यावर पिना पाठवू असं ठरवलं. तेवढ्यात तुम्ही जेवायला हाक मारलीत.

तारेचं मी दादाला सांगितलं का? सात महिने हेच आठवतो आहे. सांगितलं असं कधी वाटतं, पण मला तसं वाटायला हवं आहे म्हणून वाटत असेल. इथे डेपोत त्या पिनांचा डबा आहे. निरोप येईपर्यंत तीन आठवडे माझा हात रोज त्या डब्यावरून गेला.

चाळिसाव्याला मी दोनदा शेडपाशी गेलो. ताडपत्री उचलली नाही. गाडी विका म्हणून लिहिलं ते तुमच्यासाठी नव्हतं, हे आता तुम्हाला कळलं असेल.

कृपा करून बघा. तार जागेवर असेल तर तो बर्फ होता. नसेल तर जे असेल ते लिहा. अपांना मात्र सांगू नका.

लोभाबद्दल काही लिहायचा मला हक्क नाही.
कुबान

•

अक-झार, ९ जुलै १९९५

चि. धाकट्यास,

तुझं पत्र येऊन तीन आठवडे झाले. पहिले आठ दिवस मी शेडमध्ये गेले नाही. मग गेले.

तार नाही. खुंटीही नाही. दांडी मोकळी लोंबते आहे, आणि ती सरळ आहे, कुठे वाकलेली नाही, म्हणजे ती पडताना सुटलेली नाही. तार जागेवर होती असं लिहावं असं माझ्या मनात आलं होतं. एका वाक्याचं काम होतं. पण तू एक दिवस इथे येशील आणि माझ्या तोंडाकडे बघशील.

मग मी सादिरकडे गेले. गाडी दरीतून त्यानंच ओढून काढली. तो आधी मेंढ्यांबद्दल बोलत राहिला. मग म्हणाला की वरच्या वळणावर बर्फ नव्हता, ऊन लागून रस्ता कोरडा होता. तिथेच वेग आवरायला हवा होता, आणि मागचं चाक घासल्याची खूण तिथे नव्हती. बर्फ खालच्या वळणावर होता, पण तिथे ते आले तेव्हा वेग आवरण्यापलीकडे गेला होता. त्यानं हे कुणालाच सांगितलं नव्हतं, कारण मेलेल्या माणसाला त्याचा उपयोग नाही असं त्याला वाटलं.

मी तुझ्यावर रागावले. खूप. भांडी घासताना, सुई टोचताना, सारखी. आणि मग जे मी कुणाला बोलले नव्हते ते माझ्यासमोर आलं. त्या दिवशी त्यांना जिल्ह्याला मी पाठवलं होतं, औषधांची पेटी आणायला. त्यांना दुसऱ्या दिवशी जायचं होतं. मी म्हटलं आजच जा. त्या आठवड्यांत ते गवत आणण्याच्या गडबडीत होते, गाडीभोवती फेरी मारत नव्हते, आणि हे मला दिसत होतं. तू सांगितलंस की नाही, हे मी पण आठवून पाहिलं. मी चहा ओतत होते. मला आठवत नाही. आठवलं असतं तर आपल्या दोघांचं बरं झालं असतं.

अपांना सांगू नको म्हणालास. मी सांगितलं. एका चुलीशी बसून मला ते जमलं नसतं. सोबत त्यांचा कागद आहे.

अनारकुल

•

कुबान,

मी चार इयत्ता शिकले, चुका असतील तर असोत.

मला दोन मुलगे होते. एक दरीत गेला. दुसरा शहरात बसून रोज थोडा थोडा मरतो आहे असं सून सांगते. तुला लहानपणी मी मारलं नाही, तुझा बाप मारू द्यायचा नाही. आता या वयात मारीन, पण त्यासाठी तुला इथे यावं लागेल. मी तुझ्याकडे येणार नाही, माझे गुडघे दुखतात आणि तुझ्या मलमानं काही होत नाही.

येताना त्या पिना घेऊन ये. सुनेला खिंडीपलीकडे जायचं आहे. दोन बाया पोटुशी आहेत.

तुझी आई

•

बिश्केक, २५ जुलै १९९५

ती. अपा आणि ती. वहिनींस,
सलाम.

रजा मिळाली. शनिवारी निघतो.

कुबान

•

अक-झार, ३० ऑगस्ट १९९५

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

तू सुखरूप पोचल्याचं कळलं. अपा तू गेल्यावर दोन दिवस अंथरुणातून उठल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी उठल्या आणि तू धान्याच्या कोठीला केलेल्या दुरुस्तीला नावं ठेवू लागल्या, तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. तू आलास त्या दुपारी त्यांनी हात उगारला होता आणि मग तुझ्या मानेभोवती टाकला. त्यांना असं रडताना मी तुझ्या दादांच्या वेळीही पाहिलं नव्हतं.

तू इथे असताना मला बोलता आलं नाही ते आता लिहिते. खिंड चढताना तू साइडकारमध्ये बसला होतास, गाडी मी चालवत होते. त्या वळणावर मी थांबवली. मी उतरून कडेपर्यंत गेले. तू उतरला नाहीस, पुढच्या दांडीला दोन्ही हातांनी धरून बसलास. मी परत आले तेव्हा तू विचारलंस की वहिनी, तुम्ही मला माफ केलंत का. मी गाडीला लाथ मारली आणि पुढे निघाले. उत्तर दिलं नाही, याचा तू पलीकडे पोचेपर्यंत काय अर्थ लावत होतास ते मला तुझ्या पाठीवरून दिसत होतं.

उत्तर माझ्याकडे नव्हतं, धाकट्या. अजून नाही. केलं असं लिहिलं तर ते खोटं होईल, आणि नाही केलं असं लिहिलं तर तेही. काही दिवशी सकाळी उठते तेव्हा राग नसतो. काही दिवशी असतो, आणि तो तुझ्यावर आहे की त्यांना पाठवणाऱ्या माझ्यावर, हे धड ओळखता येत नाही. अशा दिवशी मी गाडी उघडून बसते. दोन्ही हात कामात असले की बरं असतं.

खिंडीपलीकडच्या दोघींपैकी एक मंगळवारी मोकळी झाली, मुलगी. मला निरोप दुपारी मिळाला आणि सूर्य मावळायच्या आत मी तिच्या उशाशी होते. दुसरीचं पुढच्या आठवड्यात आहे, मूल आडवं आहे, म्हणून चार दिवस आधीच जाऊन राहीन. तू घातलेली पिन जागेवर आहे, उतारावर गाडी ऐकते. मेंढपाळ आता मला येताना ओळखतात, कुत्र्यांना आधीच बांधून ठेवतात.

नोव्हेंबरात वर्षश्राद्ध आहे. घोडी कापायची, सगळं गाव जेवेल. चाळिसाव्याला तू दाराशी उभा होतास. या वेळी मोठ्या मुलाच्या जागी बसून पाहुण्यांचं स्वागत तू करायचं आहेस, असं अपांनी ठरवलं आहे, आणि मला त्यात काही वावगं वाटत नाही. आठ दिवस आधी ये. थंडीचे कपडे आण. तुझं मागचं पत्र चारच ओळींचं होतं. मोठं लिहीत जा.

तुझी वहिनी,
अनारकुल