खिशाचा सदरा

दहिवली, ८ सप्टेंबर १९४६

सौ. सुंदरा,

कशेळ्याला माहेरी जाऊन तुला दहा दिवस झाले. चौक गावच्या दुकानात पाहिलेला स्टोव्ह तू मागितलास, तेव्हा मी माझ्या एम.ए.च्या निबंधातला उतारा वाचून दाखवला: जुन्या गोष्टींत एक वस्तू मागणारी माणसं दुसरी मागितल्याशिवाय राहत नाहीत. तू म्हणालीस, "तुमच्या गोष्टीतल्या राण्या चूल फुंकत नाय बसत," आणि पिशवी भरलीस.

आता कबूल करतो. तिसऱ्याच दिवशी त्या दुकानातून मी फाउंटन पेन आणलं. अभ्यासाचं साधन, असं रोजनिशीत लिहिलं. मग शाई लागली, टीपकागद लागला. शेवटी खिशाचा सदरा शिवायला टाकला, कारण बंडीत पेन कोणाला दिसत नव्हतं. हे मात्र रोजनिशीत लिहिलं नाही.

कागदावरचे डाग पाहून मी रडलो असं समजू नकोस. लाकडं ओली आहेत. भाताआधी माझे डोळे शिजतात.

हे पत्र पाठवता येत नाही. अक्षर इतकं सुबक आलंय की कबुली वाचण्याआधीच तू पेन ओळखशील. दुकानदार पेनाच्या बदल्यात स्टोव्ह द्यायला तयार आहे. उद्या मीच स्टोव्ह घेऊन कशेळ्याला येतो. तू परत येशील की नाही, ते ठाऊक नाही. तू विचारशील, "अक्कल कुठनं आली?" मी निबंधाचं नाव सांगेन. धुराचं सांगायचा अजून धीर होत नाही.

सदरा मात्र शिवून आलाय. त्याच्या खिशात स्टोव्हची पिन ठेवीन.

तुझा,
येसाजी