दांडी बसवली का?

दि. ९ फेब्रुवारी, सोमवार

चि. बापूस,

आशीर्वाद आधीच लिहून टाकते, पुढे रागाच्या भरात राहून जातील. मी बरी आहे. खोकला गेला. गुडघा होता तसाच आहे. सूनबाईला सांग, तिने पाठवलेली शाल पोचली, चांगली उबदार आहे. एवढी खुशाली पुरे.

शनिवारी तुझा फोन आला. तू बराच वेळ बोललास आणि मी मधून मधून "हं" म्हणाले. त्या "हं"चा तू होकार केलास, हे मला आज सकाळी कळलं, एजंटाचा फोन आला तेव्हा. "मॅडम, रविवारी अकराला दोन पार्ट्या घेऊन येतो, घर जरा आवरून ठेवा." मी विचारलं, "कोणाचं घर?" तो म्हणाला, "तुमचंच की!" म्हटलं, "बरं झालं सांगितलंत," आणि फोन ठेवला.

म्हणून पत्र. फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस. शाळेच्या ऑफिसात एकतीस वर्षं मी दुसऱ्यांची पत्रं टाइप केली, हे माझं स्वतःचं आहे. शेवटपर्यंत तूच वाच. मधेच सूनबाईच्या हातात देऊन "बघ गं, आई काय म्हणतेय" असं करू नकोस.

तुझं म्हणणं मला नीट समजलं आहे. घरात करण्यासारखं होतं ते सगळं केलं, तरी बाबा बाथरूममध्ये पडले आणि गेले. म्हणजे हे घर म्हाताऱ्या माणसाच्या राहण्याचं नाही. म्हणजे आईने त्या वृद्धाश्रमातल्या खोलीत जावं. तिथे बेल दाबली की माणूस येतो आणि खिडकीतून झाड दिसतं.

बापू, यातलं पहिलंच वाक्य खोटं आहे. सगळं केलेलं नव्हतं. ते खोटं तुझं नाही, आमचं आहे. पण ते सुरू कुठून झालं ते आधी ऐक.

मागच्या वर्षी, आम्ही पडू नये म्हणून घरात काय काय करायचं, अगदी बाथरूममध्ये धरायच्या दांडीपर्यंत, ती यादी तू पाठवलीस आणि यादीमागोमाग तो कंत्राटदार. त्याने दारांचे उंबरठे काढले, पुढच्या पायऱ्यांना कठडा लावला, पॅसेजमध्ये दिवे लावले. कठडा उत्तम आहे, मी रोज धरते. जे चांगलं आहे त्याला नाव ठेवत नाही. संडासातला कमोड मात्र त्याने इतका उंच करून ठेवला की माझे पाय जमिनीला टेकेनात. पहिलीतल्या मुलीला दहावीच्या बाकावर बसवावं तशी मी लोंबकळत बसायचे. शेवटी तुझ्या बाबांनी पायाखाली एक खोकं आणून ठेवलं. म्हणजे मी पडू नये म्हणून केलेल्या कामामुळे अडखळायला घरात एक वस्तू वाढली.

तिसऱ्या दिवशी तो बाथरूमच्या दारात टेप घेऊन उभा होता. तुझे बाबा म्हणाले, "इथलं जरा मला विचारून करा. माझा हात कुठे जातो ते मला माहीत." त्याने तुला फोन लावला. हात चिकट होते म्हणून स्पीकरवर लावला. आणि तुझा आवाज अख्ख्या पॅसेजमध्ये आला, "अहो, त्यांना काही विचारत बसू नका. विचारलं की नकोच म्हणतात. तुम्ही यादीप्रमाणे करा आणि मोकळे व्हा." बिचारा स्पीकर बंद करायला गेला, भलतंच बटण दाबलं आणि तू आणखी मोठ्याने ऐकू आलास, "म्हातारी माणसं अशीच असतात हो, लहान मुलांसारखी."

तुझ्या बाबांनी मला चहा टाकायला सांगितला. त्याला चहा दिला, त्याचा टेप स्वतः गुंडाळून दिला आणि म्हणाले, "कळवा त्यांना, काम झालं." बाथरूम तसंच राहिलं. आपल्या घरातली तीच एक जागा, जिथे माणूस ओला असतो आणि एकटा असतो.

मी त्यांच्या मागे लागले नाही असं नाही. आंघोळीच्या स्टुलावरून उठताना ते नळ धरून उठायचे. मी म्हणायचे, "नळ उपटून येईल एक दिवस, भिंतीला काहीतरी धरायला करा." मग एका रविवारी ते बाजारात गेले आणि दांडी घेऊन आले. चकचकीत, आतून पोकळ, टॉवेल टाकायची. प्लास्टिकच्या बुचात दोन स्क्रू पिळून स्वतः बसवली. मी म्हटलं, "ही?" तर म्हणाले, "दारामागे टॉवेल वाळत नाही."

त्याच संध्याकाळी तुझा फोन. "बाबा, ती बाथरूममधली दांडी बसवली का?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ते डोळे मी ओळखते, लग्नाआधीपासून. म्हणाले, "बसवली की! नोकरीत एकदाही दांडी मारली नाही, आता म्हातारपणी एक बसवली." तूही हसलास. म्हणालास, फोटो पाठवा. ते म्हणाले, "फोटो कशाला, येऊन बघ." तू म्हणालास, पुढच्या महिन्यात. मग मला विचारलंस, "आई, खरंच बसवली ना?" आणि मी म्हणाले, "हो रे, बसवली."

त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. फोन ठेवल्यावर आम्ही दोघं डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो. तुझी कशी जिरवली म्हणून. तुझा पुढचा महिना अकरा महिने लांबला, आणि अकरा महिने आमचा हा विनोद चालला. तुझा फोन यायचा, तू विचारायचास, "दांडी वापरता ना?" आणि तुझे बाबा म्हणायचे, "रोज."

आता ती सकाळ. मी स्वयंपाकघरात होते. आधी फरशीवर धातू घासल्यासारखा आवाज आला आणि मग पडल्याचा. कडी त्यांनी आतून लावली नव्हती. ते कुशीवर पडले होते आणि उजव्या मुठीत दांडी होती. दोन्ही स्क्रू, त्यांच्यावरची पांढरी बुचं, भिंतीची माती, सगळ्यासकट. शेजारच्या शिंपीणबाईंनी अँब्युलन्स बोलावली, तोवर मी त्यांचं एक एक बोट सोडवत होते. अँब्युलन्समध्ये मला म्हणाले, "बापूला दांडीचं सांगू नकोस." त्यानंतर ते माझ्याशी बोलले नाहीत. तू पोचलास तेव्हा काय अवस्था होती ते तू पाहिलंसच.

दुसऱ्या दिवशी मी त्यांचे कपडे न्यायला घरी आले. दांडी उचलली. भिंतीतल्या भोकांत ओला साबण भरला, दांडी परत दाबून बसवली, वरून त्यांचा टॉवेल टाकला. बहात्तराव्या वर्षी, पूर्ण शुद्धीत. त्यांनी सांगितलं होतं म्हणून केलं, असं मी स्वतःला सांगत होते. पण "हो रे, बसवली" हे माझ्याच तोंडचं होतं, आणि ते तुझ्यासमोर उघडं पडू नये म्हणूनही केलं. हे लिहायला मला आज दुपारपासून चार कागद लागले.

ते गेल्यावर तू घरी आलास. बाथरूमच्या दारात उभा राहिलास आणि म्हणालास, "दांडी तर आहे." आत पाऊल टाकलं नाहीस. टॉवेल उचलला नाहीस. एका बोटाने ढकलली असतीस तरी हातात आली असती! मग बाहेर जाऊन बसलास आणि भेटायला येईल त्या प्रत्येकाला सांगत राहिलास, "आम्ही सगळं करून दिलं होतं हो. दांडीसुद्धा होती. पण त्यांनी धरलीच नाही. स्वभावच बेफिकीर."

बेफिकीर! ज्या माणसाने सदतीस वर्षं लिफ्ट दुरुस्त केल्या त्याला? स्टुलावर चढायच्या आधी जो चारही पाय हलवून बघायचा, त्याला? तुला पहिल्यांदा झोपाळ्यावर बसवायच्या आधी बागेतल्या माळ्याशी भांडून ज्याने साखळीला स्वतः लटकून बघितलं, त्याला? तुझी आत्या रडत रडत म्हणाली, "दादा असा कसा गं निष्काळजी निघाला." मी तिच्या हातात पाण्याचा पेला दिला आणि खरं पोटातच ठेवलं. त्या दिवसापासून मला तुझा राग आहे, त्यांचा आहे, आणि स्वतःचा तर इतका की आरशात बघताना नजर बाजूला करते.

त्यांनी धरली होती, बापू.

गेल्या आठवड्यात मी त्यांच्या हाताखाली काम केलेल्या फिटरला बोलावलं. अजून त्यांना मिस्त्रीकाकाच म्हणतो, पण आता त्याचेही केस पांढरे झाले. त्याने टॉवेल काढला, दांडीला हात लावला, ती हातात आली. भोकातला साबण त्याने नखाने खरवडून पाहिला आणि माझ्याकडे बघितलं. मी सांगून टाकलं. पहिल्यांदाच, कोणाला तरी. मी विचारलं, "इतका पारखून हात घालणारा माणूस, टॉवेलच्या दांडीवर कसा भार टाकेल?" तो म्हणाला, "काकू, घसरलेला हात विचार करत नाही. सापडेल ते धरतो. म्हणून बाथरूममध्ये हाताच्या टप्प्यात जे असेल त्याने माणूस पेलला पाहिजे. मग ती टॉवेलची का असेना. हे मिस्त्रीकाकांनाही कळत होतं. रागात होते, म्हणून राहिलं."

मग त्याने टेप काढलाच नाही. माझ्या दोन्ही तळहातांना खडू चोळला आणि म्हणाला, "आता रोज करता तसं करा. आत या, बसा, उठा, वळा. मी तिकडे तोंड करून उभा राहतो." कपड्यांनिशी, कोरड्या स्टुलावर बसून मी खोटी खोटी आंघोळ केली. हसू नकोस. झाल्यावर भिंतीवर पाच ठिकाणी माझे पांढरे पंजे उमटले होते. तुझ्या यादीतल्या उंचीवर एकही नव्हता. त्या उंचीला माझा कान येतो.

जिथे पंजे होते तिथे त्याने पक्क्या विटेत भोकं पाडून दणकट दांड्या बसवल्या. टॉवेलचीही तसलीच. स्वतः प्रत्येकीला पाय उचलून लटकला आणि मग म्हणाला, "आता तुम्ही." मी म्हटलं, "या वयात?" "काकू, तुमचं वजन ते काय, दोन ओले टॉवेल." मी लटकले. कमोडही त्याने खाली आणला, खोकं फेकून दिलं. खाली खरखरीत फरशी घातली. शिंपीणबाईंच्या घरात वाजेल अशी घंटी बाथरूममध्ये लावली, आणि त्यांनी ती तीनदा वाजवायला लावून खात्री करून घेतली.

तेव्हा घर राहण्यासारखं नाही, हे कारण संपलं. दुसरं असेल तर सांग. एजंटाला मी परत फोन करून येऊ नका म्हणून कळवलं आहे. रविवारी तू ये. एकटा ये, यादी आणू नकोस. पुढे कधी मला इथे एकटीला जमेनासं होईल, हे मला तुझ्यापेक्षा जास्त कळतं. तेव्हा मला विचार. मी कदाचित नको म्हणेन. नको हेही उत्तरच असतं, ते ऐकून घ्यावं लागतं. तू त्या दिवशी ऐकून घेतलं असतंस तर तुझ्या बाबांनी तुला हसण्यासाठी नाही, धरण्यासाठी दांडी बसवली असती. आणि मी त्यांच्याबरोबर हसले नसते तरीही बसली असती. यातलं माझं माझ्याकडे ठेवते. तुझं तू घे.

आत्याला मी काल फोनवर सगळं सांगितलं. तिने ते पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग म्हणाली, "म्हणजे दादाने धरली होती."

"हो."

"मग ठीक आहे, वहिनी," म्हणाली आणि रडू लागली. ते रडणं वेगळं होतं.

बाकी सगळ्यांना तू सांगायचंस. ज्यांना ज्यांना बेफिकीर म्हणून सांगितलंस त्या प्रत्येकाला, नाव आठवून, बाबांनी धरली होती म्हणून सांग. निसटली ती दांडी. ते जमत नसेल तर रविवारीही येऊ नकोस.

तुझी आई,
राहणार इथेच.