दौंडला न आलेला कॅमेरा

दौंड,
२२ नोव्हेंबर २००४

प्रिय दादास,
सप्रेम जयभीम वि. वि.

तुझा फोन आला तेव्हा दुकानात पोलीस भरतीची पोरं फोटोला उभी होती, म्हणून धड बोलता आलं नाही. शिवाय फोनवर तू हं हं करत तिकडं शिरूरच्या गिऱ्हाइकाशीच बोलत असतोस. म्हणून सविस्तर लिहिते. वाचून झालं की सीमावहिनीला दे, एक माणूस तरी घरात लक्ष देऊन वाचेल.

तू सांगितलंस तसं पुण्याला जाऊन आले. तीन दुकानं पालथी घातली. वहिनीच्या भावाला, सुमितला, जो छोटा डिजिटल कॅमेरा आवडलाय तो हातात घेऊन बघितला. दिसायला गोजिरवाणा आहे, झूम भरपूर आहे. पण बटण दाबल्यावर फोटो निघेपर्यंत नवरीनं मान खाली घातलेली असते. सहलीला ठीक, लग्नाला नाही.

आपल्याला निकॉनची डी-सेव्हन्टी बरी. कारण सांगते. आप्पांच्या जुन्या निकॉनच्या लेन्सा तिच्यावर बसतात. दुकानदार नाही म्हणत होता, मी पिशवीतून पन्नासची लेन्स काढून बसवूनच दाखवली. त्या लावल्या की कॅमेऱ्याचं मीटर चालत नाही, पण उजेडाचा अंदाज आपण दोघं आप्पांच्या हाताखाली शिकलोय. पन्नासची लेन्स हिच्यावर जरा जवळचं दाखवते, चेहऱ्याला उलट चांगलंच.

एक गोष्ट मात्र पक्की ध्यानात ठेव. रोलवर उजेड जास्त झाला तरी लॅबवाला प्रिंटला सांभाळून घेतो. इथं डिजिटलमध्ये पांढरं एकदा जळलं की परत येत नाही. आपल्याकडं नवरा-नवरी दोघं पांढऱ्यात. तेव्हा थोडं अंधारावरच घ्यायचं, मग कॉम्प्युटरवर उचलायचं. मी त्या दुकानातल्या माणसाकडून फोटोशॉपचं थोडं शिकून आले. तो म्हणाला, ताई, परत या.

लग्नाच्या तिथी असतील तेव्हा कॅमेरा शिरूरला आणि मधल्या दिवसांत दौंडला, असं आप्पांशी बोलणं झालंय. इथं रोलवर पासपोर्ट काढून घ्यायला आता कुणी थांबत नाही. स्टेशनसमोरचा नवा पोरगा पाच मिनिटांत हातात देतो. आप्पांचा हा संघमित्रा स्टुडिओ वाचवायचा तर हाच रस्ता आहे.

घ्यायला जाऊ तेव्हा दोघं मिळून जाऊ. कॅमेऱ्याची बॉडी नीट तपासून घ्यावी लागते. लहानग्यांना पापा. मला विसरू नकोस.

तुझी,
करुणा

---

शिरूर,
३ डिसेंबर २००४

चि. करुणास,
अ. आ. व जयभीम वि. वि.

पत्र पोचलं. वहिनीनं आधी वाचलं आणि म्हणाली, तुमच्यापेक्षा वन्संना जास्त कळतं. मी म्हणालो, हे मला लहानपणापासून माहीत आहे, तू आता ऐकतेस.

तू म्हणतेस तीच बॉडी घेऊ. सुमितलाही पटलं. त्याचा कॉम्प्युटरचा कोर्स झालाय, कुरकुंभच्या कारखान्यातली पाळी सोडून तो आता पूर्ण वेळ माझ्याबरोबर येतोय. त्याच्या ओळखी रांजणगाव-शिक्रापूरपर्यंत आहेत. तिकडं कारखान्यांमुळं रोज नवीन माणूस येतोय, लग्नं, बारशी, शाळांची ओळखपत्रं, काय विचारू नको.

आप्पांना सांग, डोळ्याचं ऑपरेशन शिरूरलाच करून टाकू. इथं डॉक्टर चांगला आहे. दौंडला तू एकटी त्यांचं पथ्यपाणी आणि दुकान दोन्ही कसं बघणार?

पुण्याला जायचं ठरलं की कळवतो. न्हावऱ्यावरून येणारी सकाळची एसटी धरलीस तर इथूनच सगळे मिळून जाऊ. येताना पन्नासची आणि पोर्ट्रेटची अशा दोन्ही लेन्सा घेऊन ये. नाहीतर कुणी इकडं येणारं असेल तर आधीच पाठव, बसवून बघता येतील.

तब्येतीला जप. आमच्यावरची माया पातळ होऊ देऊ नको.

तुझा,
महेंद्रदादा

---

दौंड,
१६ जानेवारी २००५

प्रिय दादास,
सप्रेम जयभीम वि. वि.

काल भांडगावच्या ताईबाई दुकानात आल्या होत्या, नातवाचा फोटो काढायला. बोलता बोलता म्हणाल्या, तुझ्या भावानं आमच्या भाचीच्या साखरपुड्यात नव्या कॅमेऱ्यानं फोटो काढले आन् तिथल्या तिथं मागच्या काचेवर दाखवले, लई मज्जा आली. मी हसले. म्हणाले, हो ना, आमचाच आहे.

दादा, तू कॅमेरा घेऊन आलास आणि मला ताईबाईंकडून कळलं. लेन्सा पाठवल्या त्याला महिना झाला. मी रोज वाट बघत होते, की आज बोलावशील, उद्या बोलावशील. जायच्या दिवशी घालायची साडीसुद्धा इस्त्री करून ठेवली होती. वेडीच आहे मी.

असो. घाई झाली असेल, सुमितला सवड असेल तेव्हाच निघावं लागलं असेल. मी मनाला तसंच समजावलंय. फक्त एवढं कळव, दौंडला कधी आणतोस? लोको शेडचे लोक पासच्या फोटोला येतात, त्यांना मी पुढच्या आठवड्यात या, पुढच्या आठवड्यात या म्हणून परत पाठवतेय. माणसं किती फेऱ्या मारतील?

आप्पांना तू परवा घेऊन गेलास, तेव्हाही कॅमेऱ्याचं बोलला नाहीस. त्यांच्या डोळ्यांची काळजी घे. त्यांना रात्री एकदा चहा लागतो, लाजून मागत नाहीत. लोभ कमी झाला नसावा असं समजते.

तुझी,
करुणा

---

शिरूर,
२७ जानेवारी २००५

चि. करुणास,
अ. आ. व जयभीम वि. वि.

रागावलीस ते कळलं. सुमितच्या मित्राची गाडी त्या दिवशी पुण्याला निघाली होती, म्हणून आम्ही दोघं बसलो. तुला कळवायला वेळ नव्हता. बॉडी मात्र तू सांगितलीस तीच. दुकानदार म्हणाला, त्या ताई कुठायत?

आता खरं लिहितो, मनाला लावून घेऊ नकोस. कॅमेरा दौंडला आणणं सध्या जमणार नाही. इथं रोज काम आहे. कॅमेरा तिकडं आणि कॉम्प्युटर इकडं, असं चालत नाही. मी म्हणालो होतो की तूच इकडं ये, सीझनमध्ये दुसरा कॅमेरा धर. पण शिक्रापूरच्या एका पार्टीनं तोंडावर सांगितलं, मांडवात बाई पाठवू नका. नवरा-नवरीच्या पुढं घर सोडून आलेली बाई उभी राहते, ते बरं दिसत नाही. आपल्याच समाजातले लोक. मी काय बोलणार? सुमित म्हणतो, धंद्यात लोकांचं ऐकावं लागतं. त्याचं खोटं नाही.

तू हुशार आहेस, समजून घेशील. आप्पांचं ऑपरेशन नीट झालं, हिरवी पट्टी बांधून बसतात. चहा देतो. मनात काही धरू नकोस, एवढंच मागणं.

तुझा,
महेंद्रदादा

---

दौंड,
३ फेब्रुवारी २००५

दादास,
जयभीम.

विहारात पौर्णिमेला वंदना मी सांगते. मेणबत्ती माझ्या हातून लागते, लहान पोरांना पंचशील मी शिकवते. तेव्हा समाजाला काही खटकत नाही. मांडवात कॅमेरा धरला की मी घर सोडून आलेली होते.

त्या पार्टीचं मला वाईट वाटलं नाही. लोक बोलतात, मी सात वर्षं ऐकतेय. पण तू त्यांच्यापुढं गप्प बसलास आणि मला मात्र दोन पानं लिहिलीस.

मी सासर सोडून आले तेव्हा आप्पांनी काही विचारलं नव्हतं. डार्करूममध्ये नेलं, लाल दिवा लावला आणि ट्रे हलवायला सांगितला. म्हणाले, हळू, पाणी हिंदकळलं तर चेहरा फाटतो. त्या दिवसापासून मी कुणाच्या जिवावर जगले नाही.

लेन्सा परत पाठव. त्या आप्पांच्या आहेत आणि आप्पा अजून दौंडचे आहेत.

करुणा

---

शिरूर,
१९ मार्च २००५

चि. करुणा पोरीस,
आप्पाचा जयभीम आन् लई आशीर्वाद.

आता मला ठळक दिसतंय. नवा चष्मा लागला तवापासून भिंतीवरची पाल बी दिसती. तुजं पत्र सीमानं वाचून दावलं न्हाई, मीच खणातनं काढून वाचलं.

पोरी, सांगायचं ते सांगतो. मह्याचं म्हणणं हाय की दौंडचा गाळा मोबाईलवाल्याला भाड्यानं द्यावा. गिऱ्हाईक न्हाई, रोल धुणारं न्हाई, उगं कुलूप उघडून बसायचं कशापायी. सुमित त्या माणसाला घिऊन घरी आलता. चहा झाला. समद्यांनी माज्याकडं बघितलं. मी व्हय म्हणालो.

तू म्हणशील, आप्पा, दुकान तुमच्या नावावर, तुमी न्हाई का म्हणाला न्हाईत. म्हणायचं हुतं. पर लेकाच्या घरी जेवतो मी, करुणा. सून वाढती, नातू पाय दाबतो. न्हाई म्हणायला जीभ उचलली न्हाई. तुज्या आईनं मला लई शिव्या दिल्या असत्या.

मह्या वाईट न्हाई. त्यो भ्यालाय. त्यो म्हणतो, दोन वर्सांत समदे स्टुडिओ बंद पडणार, एक तरी वाचवू दे. त्याचं खरं आसंल. पर त्ये वाचवताना तुजा हात का सुटला, त्ये मला कळलं न्हाई.

डार्करूममधला, फोटू मोठा करायचा एनलार्जर कुणाला देऊ नगंस. तुला ठिवून घे. म्हाताऱ्याला टाकून देऊ नगंस, मी हितं असलो तरी तुजाच हाय.

तुजा,
आप्पा

---

दौंड,
२ एप्रिल २००५

ती. आप्पांस,
सविनय जयभीम वि. वि.

गाळा रिकामा करून किल्ली शेजारच्या बापूसाहेबांकडं ठेवली आहे. एनलार्जर घरी आणायचा होता, पण खोलीत जागा नाही आणि फोटोचा कागद मिळणंही बंद होत आलंय. शाळेतल्या एका सरांना दिला. ते मुलांना दाखवायला कपाटात ठेवतील. तुम्हाला वाईट वाटेल, पण खोटं लिहिणार नाही.

कुरकुंभला एका कारखान्यात ठेकेदाराकडं काम मिळालंय. माझी काळजी करू नका. चष्मा पुसायला वहिनीची ओढणी घेऊ नका, काचेला चरे पडतात. मऊ फडकं पाठवते आहे. मी रागावलेली आहे, पण तुमचीच आहे.

करुणा

---

शिरूर,
१२ मे २००५

चि. करुणास,
अ. आ. व जयभीम वि. वि.

तुझं पत्र नाही, म्हणून मीच लिहितो. चौदा एप्रिलला तू येशील असं वाटलं होतं.

एक अडचण आलीय. परवा सुमितनं एक मोठं लग्न केलं. पाचशे फोटो. नवरीची साडी सगळीकडं नुसती पांढरी फटक, काठ नाही, निरी नाही, चेहऱ्यावरही तसंच. कॉम्प्युटरवर काही उचलेना. मुलीचा बाप दुकानात येऊन सगळ्यांसमोर बोलून गेला. तू पहिल्या पत्रात काहीतरी लिहिलं होतंस, पण ते पत्र सापडत नाही. चार दिवस रजा काढून ये आणि सुमितला एकदा नीट शिकव. मांडवात नको, दुकानातच. तुझी राहायची सोय वरच्या खोलीत करतो.

मागचं सोडून दे. एका आईची लेकरं आपण. आप्पा तुझी आठवण काढतात. मन मोठं कर.

तुझा,
महेंद्रदादा

---

दौंड,
२३ मे २००५

दादास,
जयभीम वि. वि.

मी येणार नाही. जे लिहायचं ते एकदा लिहिलं होतं, वाया गेलं. सुमितला हवं तर पुण्याच्या त्या दुकानदाराकडं पाठव, तो चांगला माणूस आहे.

माझं काम विचारलं नाहीस, तरी सांगते. कारखान्याच्या गेटवर कामगारांची ओळखपत्रं काढते. कॉम्प्युटरला वायरनं चिकटवलेला लिंबाएवढा कॅमेरा आहे. त्याला लेन्स बदलता येत नाही, उजेड बदलता येत नाही, मलाही जागेवरून हलता येत नाही. बिहारकडची पोरं येतात, मी म्हणते, भाईसाब, ठुड्डी नीचे, इधर देखो. बटण दाबते. नेक्स्ट. डिजिटल शिकायची हौस अशी फिटली.

मागच्या मंगळवारी आप्पा आले होते. तुला सांगून आले नव्हते, हे तुला एव्हाना कळलं असेल. दौंडला उतरून गाळ्यावर गेले. तिथं मोबाईलचं गाणं वाजत होतं. मग विचारत विचारत कुरकुंभला आले आणि कामगारांच्या रांगेत उभे राहिले. नंबर आला तेव्हा मी वर बघितलं तर समोर आप्पा. धुतलेला सदरा, नवा चष्मा. म्हणाले, मला बगायचंय तू आता कशी काढतीस. मी म्हणाले, आप्पा, इथं फक्त कामगारांचे काढतात. ते म्हणाले, मग काय झालं, मी बी जन्मभर कामच केलंय.

स्टुलावर बसले. चष्म्यात चमक येऊ नये म्हणून मान आपोआप एवढीशी खाली घेतली, मला सांगावं लागलं नाही. मी बटण दाबलं. त्या भिकार कॅमेऱ्यातही फार चांगला आला होता. हसत नव्हते, पण आतून बरे दिसत होते.

सुपरवायझर मागंच होता. त्याला राग आला नाही, नुसतं म्हणाला, मॅडम, बाहेरचा माणूस सिस्टीमला राहत नाही, डिलीट करा. आप्पांना तो शब्द कळला नाही. मी डिलीट केला. दादा, निगेटिव्ह फाडायला हाताला जोर लागतो. ह्याला काहीच लागलं नाही.

आप्पांनी विचारलं, निघाला का? मी म्हणाले, छान निघालाय, पोस्टानं पाठवते. चहा पिऊन साडेचारच्या गाडीला बसले. बसमधून हात हलवत होते, गेटवरच्या कुठल्या खिडकीत मी आहे ते न कळून दुसऱ्याच बाजूला.

परवा त्यांचं कार्ड आलं, फोटू अजून आला न्हाई म्हणून.

तुझ्याकडं कॅमेरा आहे. त्यांना खिडकीशी बसव, पन्नासची लेन्स लाव, सदरा पांढरा असेल तर थोडं अंधारावर घे. आणि काढलेला फोटो पाकिटात घालून, करुणानं पाठवला म्हणून त्यांच्या हातात दे. एवढं तरी माझ्या नावावर राहू दे.

करुणा