गच्चीवरची बाही

बाबा, तुमच्या जुन्या खाकी शर्टाची बाही अजून गच्चीवर बांबूला बांधलेली आहे. खरं तर तुमची ती केव्हाच विरली, तिच्यामागून मी तीन-चार शिवल्या. भिलाईतल्या रुआबांधा वस्तीतल्या या घरात तुमचा एवढा एकच हट्ट मी चालवला.

तुम्ही इथल्या स्टील प्लांटात गॅसच्या लाइनवर होतात. तिथं वारा दाखवणारी कापडी पिशवी टांगलेली असे आणि गॅस सुटलाच तर वाऱ्याकडे तोंड करून पळायचं, हे तुम्ही आम्हाला जेवताना शिकवलंत. घरीही तशीच बाही बांधलीत. ड्यूटीला निघताना मला विचारायचात, "पाह्य बरं, हवा कुठून येऊन राहिली?" नऊ वर्षांची असेन मी. एकदा आळस केला आणि जिना न चढताच सांगितलं, तळ्याकडून. तुम्ही गल्लीच्या टोकावरून मागं बघितलंत आणि सायकल वळवून परत आलात. बाही लोंबत होती. "कावून खोटं बोलली?" हात उगारला नाहीत, तेच जास्त लागलं. "मालूम नसन तं नाही मालूम म्हण. पण हवेचं खोटं सांगू नको. अन् हवा थांबली ना, तवा जास्त भ्या लागते. गॅस तिथंच बसून राह्यते."

तुमची नात आता गुजरातच्या समुद्रावर कामाला आहे. तुम्ही तिला पाहिलंच नाहीत. किनाऱ्यापासून लांब, पाण्यात वारा मोजायचा उंच खांब रोवलाय, त्यावर ती चढते. पाण्यावर वाऱ्याला झाडं-डोंगर आडवे येत नाहीत, म्हणून तिथं पवनचक्क्या उभ्या करायच्या आहेत म्हणे. मला अभिमान वाटतो आणि काळजीही. दुपारी जमीन तापली की समुद्राकडून वारा सुटतोच, त्याच्या आत ती खाली उतरते. रोज सकाळी फोनवर थट्टेनं विचारते, आजोबांची बाही काय म्हणते? कुठं भिलाई आणि कुठं समुद्र!

आज थट्टा नव्हती. "मम्मी, तीन दिवस झाले, दुपारचा वाराच नाही आला. पाणी एकदम चूप. साहेब म्हणून राहिले, मौका अच्छा है, चढून घ्या. पण मले काही ठीक नाही लागून राहिलं. दूर कुठं मोठी हवा, तुफान, बनून राहिली असन, तं ही लहान हवा दबते. तू सांग. बाही हलत असन तं चढीन, नाही तं तब्येत खराब म्हणून सांगीन."

मी म्हणाले, "हलून राहिली. जा." नव्या नोकरीत तिचं नाव खराब होऊ नये, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

उतरल्याचा तिचा फोन दोनला येतो. आता पावणेचार झाले. मी लावते तर लागत नाही. घरात पंख्याशिवाय काही हलत नाही आणि मला भीती वाटते आहे, बाबा. हा कागद तुमच्या फोटोमागं सरकवून ठेवीन, तुम्हाला थोडाच पोचणार आहे.

गुडघे दुखत होते. सकाळी मी गच्चीवर गेलेच नव्हते.