बहीण नाही

९ सप्टेंबर, मंगळवार

डॉक्टरांनी विचारलं, "सख्खी बहीण आहे का?" विनीत म्हणाला, "नाही." मी शेजारीच बसले होते. मी का गप्प राहिले? ठाण्याहून घरी येईपर्यंत हेच स्वतःला विचारत होते.

शलाका आहे ना! त्याच्याहून पाच वर्षांनी लहान, बदलापूर गावात सासर. परवाच तिचा फोन आला होता. "काय गं शलाके" करत हाच दहा मिनिटं हसत होता.

आजार परत आलाय. मणक्यात, आणि जुन्या व्रणाच्या कडेला. डॉक्टरबाई फार हळू बोलत होत्या. हळू बोलणाऱ्या डॉक्टरांची मला भीती वाटायला लागली आहे. जनुकाची तपासणी करायची म्हणून वेगळं रक्त घेतलं. तीन-चार आठवडे लागतील म्हणे.

१० सप्टेंबर

इथं तरी नाव लिहावं. स्तनाचा कर्करोग. विनीतला, वय छत्तीस. पुरुषांना होतो. क्वचित, पण होतो. दोन वर्षांपूर्वी हे मलाही माहीत नव्हतं – आणि मी बी.एस्सी., घरातली पहिली पदवीधर, दहावीला विज्ञान शिकवणारी!

तेव्हा ऑपरेशन झालं आणि सासूबाईंनी सगळ्यांना सांगितलं, छातीत गाठ होती. लोकांनी फुफ्फुसात समजलं. आम्ही मोरिवलीत राहतो, खिडकीतून कारखाने दिसतात. शेजारच्या बनूबाई म्हणाल्या, "धुरानंच झालं असणार बघा." सासूबाई मला ओट्याजवळ हळूच म्हणाल्या, "धुराचंच म्हण गं. खपून जातंय."

खपलं. शलाकालाही तेच सांगितलं. मी काही बोलले नाही. कॉलेजात चौकाचौकात पथनाट्यं करणारी मी! वाटलं, नवरा वाचला ना, मग लोक काय समजायचं ते समजोत.

१६ सप्टेंबर, मंगळवार

पुन्हा केमो. बाकांवर सगळ्या बायका आणि त्यांचे नवरे. सिस्टरनं हाक मारली, "विनीता! विनीता कोण आहे?" फाइलवर कुणीतरी नावात एक ए जास्त टाकलाय. विनीत हलला नाही. परत हाक. शेजारचे एक काका त्याला म्हणाले, "भाऊ, तुमच्या मिसेसचा नंबर आला वाटतं." तर हा माझ्याकडे वळून म्हणतो, "हो. चल गं."

मी उठले. दारातून आत जाईपर्यंत पेशंट मीच होते. पुढंही मीच असते तरी चाललं असतं मला.

येताना म्हणाला, "तू पेशंट शोभत नाहीस. चालतेस किती फास्ट!"

१९ सप्टेंबर

उलट्या. पेजसुद्धा पोटात राहिली नाही. तो उल्हासनगरला जीन्सच्या कारखान्यात कटिंग मास्टर आहे. शेठना टायफॉइड सांग म्हणाला. सांगितलं. शेठ म्हणाले, "मास्टर को बोलो आराम करे, बेटा. कपडा कहीं भागता नहीं है." चांगला माणूस. त्यालाही खोटं सांगितलं. आता मला ते न अडखळता येतं.

२८ सप्टेंबर, रविवार

शलाका आली, लेक इराला घेऊन. डब्यात वालाचं बिरडं. दादाचं टक्कल बघून दारातूनच, "अरे वा! दुसऱ्या लग्नाला उभा राहतोस की काय?"

"तुझ्या वहिनीला विचार."

"वहिनी काय, ती पत्रिका छापून आणेल. इतका छळतोस तिला!"

किती दिवसांनी हसला. तीन वर्षांच्या इरानं त्याच्या डोक्यावर स्टिकर चिकटवला, तो त्यानं संध्याकाळपर्यंत काढला नाही.

मग स्वयंपाकघरात मला गाठून, "वहिनी, खरं सांग, फुफ्फुसातला धूर अजून गेला नाही का? तुम्ही चिखलोलीला घर बघा बाई. नवीन बिल्डिंगा झाल्यात, हवा तरी बरी." मी तिच्याकडे पाठ करून "बघू" म्हणाले. तिनं मागून माझ्या खांद्यावर हनुवटी टेकवली. "तू आहेस म्हणून आम्ही निश्चिंत आहोत."

ती गेल्यावर बिरडं गरम केलं. मला जेवता आलं नाही.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

रिपोर्ट आला. जनुकात दोष आहे, जन्मापासूनचा. आईकडून किंवा वडिलांकडून आलेला. म्हणजे भावंडात असण्याची शक्यता निम्मी. आणि बाईत असला तर – डॉक्टरबाईंनी आकडा सांगितला. तो मी लिहीत नाही.

"चुलत, आते, मावस जे असतील त्यांना कळवा," म्हणाल्या. "सख्खं कुणी नाही म्हणालात. असतं तर याच आठवड्यात बोलावलं असतं."

विनीत खिडकीबाहेर बघत होता. मी माझ्या पर्सची चेन उघडत होते, लावत होते.

घरी आल्यावर भांडलो. सासूबाई देवळात गेल्या होत्या, बरं झालं.

"शलाकाला सांगायलाच हवं."

"काय सांगणार? तुझ्या भावाला बायकांचा रोग झालाय?"

"रोग बायकांचा नसतो विनीत! छातीचा असतो. छाती तुलाही आहे."

"हे तुझ्या दहावीच्या पोरांना शिकव. कारखान्यातली पोरं काय बोलतील माहितेय? मास्टर लेडीज साइझ निघाला! आणि तिचं सासर – गाव आहे ते. एकाला कळलं की संपलं. उद्या इराच्या लग्नात काढतील."

"इरा तीन वर्षांची आहे!"

मग त्याचा आवाज बसला. माझा हात घेतला आणि स्वतःच्या डोक्यावर ठेवला. "शपथ घे. सांगणार नाहीस."

शपथेवर माझा विश्वास नाही. पण ते डोकं गरम होतं, तान्ह्या बाळासारखं. हात काढता आला नाही. "नाही सांगणार," म्हणाले.

४ ऑक्टोबर

हात काढायला हवा होता.

८ ऑक्टोबर, बुधवार

दहावीची उजळणी. नेमका आनुवंशिकतेचा धडा. मागच्या बाकावरच्या मनालीनं विचारलं, "मॅडम, म्हणजे भावाला असलं तर बहिणीला पण असतं?"

"असू शकतं."

"मग तिला कोण सांगतं?"

वर्ग हसला. मी फळा पुसला. त्यावर काहीच लिहिलेलं नव्हतं.

१४ ऑक्टोबर

औषध बदललं. डॉक्टरबाई आज आणखी हळू बोलल्या.

२३ ऑक्टोबर, भाऊबीज

त्याला बसवत नव्हतं तरी पाटावर बसला. पाठीला दोन उशा लावल्या. सासूबाईंनी त्याला टोपी घातली, ती सैल झाली, डोळ्यांवर आली. शलाका म्हणाली, "दादा, नवरदेव पळून चाललाय असं दिसतंय!" सगळे हसलो. तिनं ओवाळायला ताट उचललं आणि अर्ध्यात थांबली. डाव्या हातातून उजव्यात घेतलं.

"काय झालं गं?" सासूबाई.

"काही नाही, हा हात दुखतो हल्ली. काखेपासून खाली. इराला कडेवर घेऊन घेऊन."

विनीतनं मान वर केली. टोपीखालून सरळ माझ्याकडे बघितलं. त्यानंही ऐकलं होतं! मला वाटलं, आता बोलेल. आत्ता बोलेल.

त्यानं खिशातून पाकीट काढून ताटात ठेवलं. मग म्हणाला, "इराला चालायला शिकव जरा. लाडावलीये."

२५ ऑक्टोबर, शनिवार

सकाळी अंग पुसून देताना विचारलं. त्याच्या उजव्या बाजूला, जिथं काही उरलेलं नाही, तिथं मी नेहमी हलक्या हातानं पुसते. तो नेहमी डोळे मिटतो. आज उघडे ठेवले.

"तू ऐकलंस ना, तिचा हात?"

"हो."

"मग?"

त्यानं माझा हात थांबवला. मग म्हणाला, "मी गेल्यावर सांग, किर्ती. तेव्हा मला ऐकावं लागणार नाही."

मी टॉवेल पिळला. परत पिळला. त्यात पाणी उरलं नव्हतं. हे कधी, किती महिन्यांनी, असं त्याला विचारायचं तरी कसं! आणि तोवर तिचा हात थांबेल का?

इतकी वर्षं वाटायचं, शिकलं की माणसाला योग्य काय ते कळतं. कळतं. पुढचं शिकवत नाहीत.

२६ ऑक्टोबर, रविवार

आईकडे उल्हासनगरला जाऊन आले. यायला उशीर झाला. सासूबाई होत्या त्याच्याजवळ.

२७ ऑक्टोबर

त्यानं दोन घास भात खाल्ला. बाकी काही नाही.

२९ ऑक्टोबर, बुधवार

रविवारचं वर लिहिलंय ते खोटं आहे. आईकडे गेलेच नव्हते. बदलापूर गावात गेले आणि शलाकाला सांगितलं. आजाराचं खरं नाव घेऊन, सगळं. ती रडली नाही, ओरडली नाही. माझा हात धरून काखेत नेला. सुपारीएवढं लागलं. श्रावणापासून आहे म्हणाली. "दादाचं एवढं चाललंय, त्यात माझं कुठं काढू, म्हणून गप्प होते वहिनी."

आज तिला ठाण्याला नेलं. तपासणीसाठी तुकडा काढला.

परत आल्यावर विनीतला मी स्वतःच सांगितलं. त्यानं भिंतीकडे तोंड केलं. चार तास झाले, अजून वळलेला नाही.